शालू मॅडमचा ऑनलाइन तास

राइस मिलच्या मागे तुसाचा ढीग असतो. तो कोणी मुद्दाम रचत नाही. धान आत जातं, तांदूळ बाहेर येतो आणि तूस आपलं मागे पडत राहतं. एक दिवस मालक बघतो तर ढीग भिंतीच्या वर गेलेला! आमच्या शाळेतल्या ऑनलाइनच्या किश्श्यांचं असंच झालं. तांदूळ किती निघाला ते विचारू नका. तूस मात्र भरपूर आहे.

शाळा मोहाडी तालुक्यातली, पाचवी ते दहावी. मी तिथे मराठी शिकवतो. लॉकडाऊन लागला, फाटकाला कुलूप पडलं आणि शाळा मोबाईलमध्ये गेली. पहिल्याच आठवड्यात हेडसरांचा फोन आला.

"वासनिक सर, ऑनलाइन गुणवत्तेचं काम तुमी पाहा."

"मी काहून सर? मले तर व्हिडिओ कॉलबी धड लावता येत नाही."

"अक्षर चांगलं हाय ना तुमचं!"

रोज रात्री जेवणाआधी चार ओळी लिहायची सवय मला लहानपणापासून आहे. कोणी लावली नाही, आपोआप लागली. त्या सवयीनं अक्षर सुधारलं आणि सुधारलेल्या अक्षरानं मला गुणवत्ताप्रमुख केलं. या सवयीचा एवढा एकच तोटा मला आजवर झाला.

*

आधी आमचं प्रशिक्षण झालं. विषय होता, ऑनलाइन अध्यापनाच्या उत्तम पद्धती.

ठरलेल्या वेळी आम्ही सगळे आपापल्या घरी फोन भिंतीला टेकवून बसलो. प्रशिक्षक स्क्रीनवर आले. नमस्कार केला आणि बोलायला लागले. ओठ हलत होते, हात हलत होते, आवाज नव्हता. मध्येच ते हसले. त्यांच्याबरोबर आमच्यातले दोघेतिघेही हसले! गणिताचे भुरे सर मान डोलावत काहीतरी लिहून घेत होते.

विज्ञानाच्या शालू मॅडमनी तेवढा मेसेज टाकला, 'सर, आवाज येत नाही.' लगेच आमच्या ग्रुपवर हेडसरांची ताकीद आली, 'मधात बोलू नका.'

तासाभरानं प्रशिक्षकांनी एक पाटी दाखवली. 'काही शंका?' कोणाला शंका नव्हती. सगळ्यांनी हात जोडले. संध्याकाळी सगळ्यांना प्रमाणपत्रं आली.

दुसऱ्या दिवशी मी भुरे सरांना फोन केला. "सर, तुम्हाला काल आवाज येत होता का?"

"नाही बा."

"मग बोलले काहून नाही?"

"मले वाटलं माझाच फोन खराब हाय. नवाच घेतला होता. बायको बाजूलेच बसून होती, तिच्यासमोर कसा बोलू?"

हेडसरांना विचारलं. ते म्हणाले, "मले वाटलं पयले थेअरी असन. आवाज मंग येईन!"

*

भुरे सर शिस्तीचे. वर्गात सर आले की पोरांनी उभं राहायचं, हा त्यांचा नियम. शाळा फोनमध्ये गेली म्हणून नियम कुठे जातो?

गुणवत्ताप्रमुख म्हणून मी त्यांच्या तासाला जोडला गेलो. सर स्क्रीनवर आले आणि अख्खा वर्ग उठून उभा राहिला. चेहरे गायब! प्रत्येक चौकोनात एकेक पोट. कुणाची बनियन, कुणाच्या शर्टाचं तुटलेलं बटन, एका ठिकाणी नुसती चड्डीची नाडी. सगळी पोटं एका सुरात म्हणाली, "नमस्ते सऽऽर!"

सर समाधानानं ती पोटं बघत राहिले. मग म्हणाले, "बसा." चेहरे परत आले.

तपासणीच्या फॉर्मात 'विद्यार्थ्यांचा सहभाग' असा रकाना होता. मी बराच वेळ विचार केला आणि लिहिलं, 'पूर्ण.'

*

भुरे सरांचाच आणखी एक. त्यांचं गाव तलावाच्या खालच्या अंगाला. गावात रेंज नाही. रेंज फक्त तलावाच्या पाळीवर, म्हणजे मातीच्या उंच बांधावर. त्यामुळे सर तासाला पाळीवर जाऊन बसायचे. त्याच गावातले आठवीतले सातआठ पोट्टेही रेंजसाठी त्याच पाळीवर यायचे.

एकदा मी काही सह्या घ्यायला तिकडे गेलो. बघतो तर पाळीच्या एका टोकाला सर, तलावाकडे तोंड करून, फोन हातात धरून ओरडताहेत, "क्ष ची किंमत काय आली? क्ष ची!" आणि त्यांच्या पाठीमागे, बैल बांधायच्या दावणीएवढ्या अंतरावर, ओळीनं बसलेली पोरं आपापल्या फोनमध्ये ओरडताहेत, "सर, आवाज कटून राहिला!"

मी सरांजवळ गेलो. म्हटलं, "सर, पोरं मागंच हायेत. जरा मागं वळा ना."

सरांनी फोनवर हात ठेवला आणि दबक्या आवाजात म्हणाले, "वासनिक सर, ऑफलाइन शिकवायले बंदी हाय. तुमी गुणवत्ताप्रमुख हाय, अन् तुमीच मले मागं वळायले सांगता?"

मी सह्या घेतल्या आणि निघालो. कोणाकोणाला काय समजावणार?

*

आता शालू मॅडमबद्दल सांगतो, कारण पुढचं सगळं त्यांच्याभोवतीच आहे.

शालू मेश्राम. मोहाडीत आईबरोबर भाड्याच्या खोलीत राहतात. आमच्याकडे विज्ञान शिकवतात, पण तासिका तत्त्वावर. म्हणजे जेवढे तास, तेवढा पगार. एवढ्या वर्षांनी आता कुठे त्यांच्या कायम होण्याची फाइल हलली होती. त्यातच संस्थेच्या सचिवांच्या हाती एक पेन ड्राइव्ह लागला. नागपूरच्या कुण्या ओळखीच्या माणसानं त्यांना पाचवी ते दहावीच्या विज्ञानाचे तयार व्हिडिओ दिले होते.

मास्तरांना तेवढं शाळेत यायची परवानगी मिळाली तशी एक दिवस सचिव शाळेत आले. पेन ड्राइव्ह टेबलावर ठेवला. "हेडसर, याच्यात सगळं विज्ञान हाय. रंगीत. एक बटन दाबलं का झालं. मंग विज्ञानाले बाई कायले पायजे?"

शालू मॅडम समोरच उभ्या होत्या. त्यांनी शांतपणे विचारलं, "सर, पोरायले समजलं नाही तर?"

"तर पुन्हा बटन दाबा!"

हेडसर पंख्याकडे बघत होते. पंखा बंद होता.

सचिव जाताना माझ्याकडे वळले. "गुणवत्तेचा अहवाल तुमी देता ना? मॅडमच्या तासात गुणवत्ता दिसली तर ठीक. नाही तर दिवाळीनंतर विज्ञान पेन ड्राइव्हवर."

कायम होण्याची फाइलही तासांबरोबरच बंद होणार, हे सांगायची गरज नव्हती. मॅडमनी ओढणी सावरली आणि त्या सहावीच्या तासाला फोन लावायला व्हरांड्यात गेल्या.

*

मी मॅडमचे तास मन लावून बघू लागलो. पण गुणवत्ता दिसायला आधी पोरं दिसायला हवीत. धानाच्या रोवणीचे दिवस आले आणि पोरं दिसेनाशी झाली. आईबाप रोवणीला, फोन आईच्या कमरेला, आणि पोरगी परे, म्हणजे धानाची रोपं, उचलून द्यायला सोबत.

मॅडमनी पालकांना सांगितलं, "फोन वावराच्या धुऱ्यावर ठेवा. स्पीकर चालू करा. पोरगी ऐकत राहीन."

तसा एक तास मी ऐकला. मॅडम पचनसंस्था शिकवत होत्या. मागे चिखलाचा पचपच आवाज, बायांच्या गप्पा, कुणाची तरी टिंगल. मधूनच एक बाई ओरडली, "ओ मॅडम, जरा जोरानं शिकवा ना जी! या टोकाले आयकू नाही येऊन राहिलं!"

"तुम्ही कोण?"

"मी प्रज्ञाची माय. जयभीम जी. तुमी मंगाशी काय म्हणलं, आतडं केवढं लांब असते?"

मॅडमनी सांगितलं. मग दुसरी बाई म्हणाली, "बापाऽ! एवढं पोटात मावते कसं?" तिसरी म्हणाली, "तुया नवऱ्याच्या पोटात तर दोन मावतीन!" आणि सगळी रोवणी हसायला लागली.

तास संपताना मॅडमनी हजेरी घेतली. "प्रज्ञा?"

"हाय मॅडम!"

"मीनल?"

"हाय!"

पटावरची नावं संपली. तरी धानाच्या बांधीतून आवाज येतच राहिले. "मी शांता, मीबी हाय जी!" "अन् मी गीता! माह्यं नाव नाही घेतलं!"

मॅडमनी सगळ्यांची नावं घेतली. त्या दिवशी सातवीची हजेरी पटसंख्येपेक्षा जास्त भरली. मी तशीच अहवालात लिहिली. हेडसरांनी कागद परत पाठवला.

"शंभर टक्क्यांच्या वर? वासनिक सर, असं कसं पाठवू मी?"

"खरं हाय सर."

"खरं असन. पण रकान्यात बसत नाही ना!"

*

मग आला पालकांचा अभिप्राय.

संस्थेकडून मोबाईलवर एक फॉर्म आला. प्रत्येक शिक्षकाच्या नावापुढे एक ते पाच आकडे. पालकांनी एक आकडा दाबायचा. पाच म्हणजे उत्तम, एक म्हणजे निकृष्ट. हे सगळं फॉर्मच्या तळाशी बारीक अक्षरात इंग्रजीत लिहिलेलं.

निकाल आला तेव्हा सचिवांनी आम्हाला बोलावलं. त्यांच्या चेहऱ्यावर दुःख आणि समाधान दोन्ही होतं. "पाहा. मी काही बोललो नव्हतो. पालकच बोलून राहिले." शालू मॅडमच्या नावापुढे एक, एक, एक, एक. वरपासून खालपर्यंत एक. आणि भुरे सरांच्या नावापुढे पाच, पाच, चार, पाच!

भुरे सरांनी शर्टाची कॉलर नीट केली. "शिस्त पायजे म्हणून म्हणत होतो मी," ते म्हणाले.

बाहेर आल्यावर शालू मॅडमनी स्कूटीला किल्ली लावली, पण ती फिरवलीच नाही. तशाच हँडल धरून उभ्या राहिल्या. मला म्हणाल्या, "सर, मी एवढी वाईट शिकवतो का जी?"

संध्याकाळी मी प्रज्ञाच्या आजोबांकडे गेलो. नातीच्या बाबतीतले सगळे फॉर्म तेच भरायचे. म्हटलं, "बाबाजी, शालू मॅडमले एक काहून देल्ला?"

"मंग? पहिला नंबर नाही द्याचा का त्या पोरीले?"

"अन् भुरे सरांले पाच?"

म्हातारा गालातल्या गालात हसला. "त्यायचा पाचवाच लागते! गावात कोनालेबी इचारा. मास्तर पाचच हायेत म्हणून पाचवा. सात असते तर सातवा देल्ला असता!"

मी सचिवांना हे जाऊन सांगितलं. ते म्हणाले, "मंग लोकायनं नियम वाचाचे होते. आकडा तो आकडा." भुरे सरांना मात्र मी सांगितलं नाही. त्यांनी तो निकाल छापून घरी लावला होता.

*

शेवटी संस्थेनं समिती पाठवली. तीन माणसं. दोघं सचिवांच्या ओळखीची, आणि प्रमुख म्हणून भंडाऱ्याच्या एक निवृत्त मुख्याध्यापिका. सगळे त्यांना बाई म्हणत होते. तोवर निर्बंध थोडे सैल झाले होते. बाई तोंडावर मास्क, हातात पेन घेऊन हेडसरांच्या खोलीत बसल्या. लॅपटॉप टीव्हीला जोडलेला. टीव्हीवर नववीचा वर्ग. धडा आरशांचा.

शालू मॅडम कोपऱ्यातल्या खुर्चीवर होत्या. हातात स्टीलचा मोठा चमचा. पोरांनाही त्यांनी घरून एकेक चमचा घेऊन बसायला सांगितलं होतं. चमच्यात आतून बघितलं की तोंड उलटं दिसतं, बाहेरून बघितलं की सुलटं. तिथून त्या आरशाकडे येणार होत्या. प्रत्येक चौकोनात पोरांच्या हातात चमचे होते. एका चौकोनात सचिवांची नात परी होती. तिच्या मागे एसी, टेबल, पाण्याची बाटली. नातीला आपल्याच शाळेत ठेवलं आहे हे सचिव प्रत्येक भाषणात सांगायचे.

शालू मॅडमची एक पद्धत सांगायला हवी. तास संपला की त्या पोरांना म्हणायच्या, "समजलं नसेल तर सगळ्यायसमोर सांगू नका. मले फक्त मिस कॉल द्या. मी उचलणार नाही. नंतर मीच लावतो." बाजूला काका बसलेला, मोठा भाऊ बसलेला. समजलं नाही असं पोर तोंडानं कसं म्हणणार? आणि फोन करायला बॅलन्स कोणाकडे होता? मिस कॉलला काहीच लागत नाही. दुपारभर मॅडम एकेकाला फोन लावून तोच धडा पुन्हा सांगत बसायच्या. मी हे अहवालात 'उत्तम पद्धती' या रकान्यात लिहिलं होतं. हेडसरांनी खोडलं. म्हणाले, "मिस कॉल हे काय शिक्षण हाय का?"

समितीसमोर सचिव उठले. "बाई, आधी आमचा व्हिडिओ पाहा. मॅडमचा तास मंग पाहू. वेळ उरला तर."

व्हिडिओ लागला. काळ्याभोर अंधारात चमकता आरसा गोल फिरत होता. त्यावर पिवळे बाण येऊन आदळत होते. एक गोड आवाज 'नाभीय अंतर' आणि 'वक्रता त्रिज्या' असं भराभर म्हणत होता. मागे संगीत. मलाही तो सुंदर वाटला. पोरं हातात चमचे धरून बघत राहिली.

व्हिडिओ संपला. सचिवांनी लॅपटॉपवर वाकून विचारलं, "समजलं का मुलांनो?"

"होऽऽ सर!" सगळ्यात मोठा आवाज परीचा.

"कोणाले काही शंका?"

कोणी बोललं नाही.

सचिव वळले. त्यांनी दोन्ही हात पसरले. "पाहा बाई! एक शंका नाही. मॅडमच्या तासात पोरं हजार प्रश्न विचारतात म्हणतात. इथं एक नाही! आता याच्यावर काय तास घ्याचा?"

समितीतले दोघं मान हलवू लागले. बाईंनी मॅडमकडे बघितलं. मग घड्याळाकडे. अहवालाच्या कागदावर काहीतरी लिहिलं आणि पेनाला टोपण लावलं. "ठीक आहे," त्या म्हणाल्या, "मुलांना सोडा मग."

सचिवांनी तास संपवला. टीव्हीवरचे चौकोन एकेक करून गेले. पोरं गेली, चमचे गेले, परीचा एसी गेला. शालू मॅडमचा तास झालाच नव्हता. त्यांनी चमचा पर्समध्ये ठेवला. हेडसरांनी शिपायाला चहाची खूण केली.

तेवढ्यात टेबलावर ठेवलेला मॅडमचा फोन थरथरला. एकदा. थांबला.

पुन्हा थरथरला. थांबला.

मग पुन्हा. मग तर थांबेचना! फोन थरथरत थरथरत टेबलावरून सरकायला लागला. हेडसरांच्या पेपरवेटला अडला आणि तिथेच गुरगुरत राहिला.

"मॅडम, महत्त्वाचा असेल तर उचला," बाई म्हणाल्या.

"उचलायचा नसते जी."

"का?"

मॅडमनी सांगितलं. आवाज न चढवता, दोनच वाक्यांत. बाईंनी पेनाचं टोपण पुन्हा काढलं.

सचिव वैतागले. "बंद करा तो फोन! सगळे उनाड पोट्टे असतीन. आभ्यास कराचा नसते यायले. वाचा, वाचा ना नावं! बाईयलेबी समजू द्या कोण कोण हाय!"

मॅडमनी फोन उचलला आणि वाचायला लागल्या. "निखिल. मीनाक्षी. रोशन. पूजा. पुन्हा रोशन." मग त्या थांबल्या.

"थांबल्या काहून? वाचा!"

मॅडमनी फोन टेबलावर ठेवला आणि हळूच सचिवांच्या पुढ्यात सरकवला.

"सर, हा तुमच्या घरून हाय."